'और साथी' म्हणजे कोण? गाणी रिलीज करणाऱ्या कंपन्यांना एका कोरसवालीचं खुलं पत्र

मुंबईतल्या सगळ्या म्युझिक कंपन्या, मराठी सिनेमांचे निर्माते आणि ॲपवर गाणी चढवणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते आणि १९८८ पासून मुंबईत कोरसमध्ये गाते. आता कामं कमी झालीत, गळाही वरच्या पट्टीत पूर्वीसारखा टिकत नाही, पण गेल्या महिन्यातसुद्धा दोन रेकॉर्डिंग केली, म्हणजे मी अजून या लाइनमधलीच आहे. पत्र लिहायचं कारण असं झालं की मागच्या आठवड्यात माझ्या भाचीने मोबाईलवर एक गाणं लावलं आणि मी पटकन बोलून गेले, अगं यात मी आहे. ती म्हणाली कुठे, बघू, आणि तिने ती तीन टिंबं दाबून क्रेडिट्सचं पान उघडलं. गायक, गीतकार, संगीतकार, मिक्सिंग कोणी केलं, मास्टरिंग कोणी केलं, सगळं होतं. आम्ही आठ जण गायलो होतो, आठातलं एकही नाव नव्हतं. ती पोरगी काही बोलली नाही, पण मावशी उगाच सांगतेय असं तिला वाटलं असणार, आणि तिचं तरी काय चुकलं, जे लिहिलंच नाही ते ती कुठून वाचणार.

मग मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि दुसऱ्या कडव्यानंतर जो आलाप येतो ना, मागून हळूच वर चढत जाणारा, तो तिच्यासमोर गाऊन दाखवला. तेव्हा पटलं तिला. पण मी काय प्रत्येकासमोर असं गाऊन दाखवत फिरू का?

आमच्या पिढीने विविधभारतीवर लहानपणापासून ऐकलंय, अमुक गायक, तमुक गायिका 'और साथी'. मराठी रेकॉर्डवर 'आणि कोरस' असायचं. तेवढं तरी असायचं म्हणायचं. आता ॲपवर ते 'साथी'सुद्धा गेले. पूर्वी कारण देता यायचं की रेकॉर्डच्या लेबलवर जागा किती असते, कॅसेटच्या कव्हरवर किती मावणार, आणि ते मी मान्यही करते. पण स्क्रीनवर जागेचा काय प्रश्न आहे हो? खाली सरकवत जायचं फक्त.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल की कोरस म्हणजे काय एवढं, मागून आ आ ऊ ऊ करायचं, त्याला कशाला नाव. म्हणून जरा सांगते की मागे उभं राहून कोण कोण गायलंय आणि वाजवलंय.

१९४६ साली 'शाहजहाँ' आला, नौशादसाहेबांचं संगीत, सैगलसाहेबांचं 'मेरे सपनों की रानी'. ते गाणं शेवटपर्यंत ऐका, अगदी शेवटी एक कोवळा आवाज येतो. तो मोहम्मद रफींचा आहे. त्याच वर्षी 'भक्त प्रल्हाद' सिनेमात कोरसमधल्या एका मुलीला फक्त दोन ओळी मिळाल्या होत्या, ती गीता रॉय, नंतरची गीता दत्त. त्या दोन ओळी सचिनदेव बर्मन यांच्या कानावर पडल्या आणि पुढच्याच वर्षी तिला 'दो भाई' मिळाला. दोन ओळी ऐकून माणूस शोधत यावं असे कान होते तेव्हा, आणि आता आमच्या दोन ओळी कोणाला आवडल्याच तर शोधणार कसं, कुठल्या नावाने?

वाद्यांचं तर विचारूच नका. 'सोलवां साल'मध्ये (१९५८) हेमंतकुमार 'है अपना दिल तो आवारा' गातात, त्यातला माउथ ऑर्गन पंचमदांचा, म्हणजे आर. डी. बर्मन यांचा, आणि १९६४ च्या 'दोस्ती'मध्येसुद्धा माउथ ऑर्गन त्यांनीच वाजवला, तोही दुसऱ्या संगीतकारांसाठी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी. 'गाईड'मधल्या 'मोसे छल किए जाए'वर तबला आहे तो पंडित शिवकुमार शर्मांचा. हो, संतूरवाले शिवकुमारजी. मला हे पहिल्यांदा ताडदेवला फिल्म सेंटर स्टुडिओच्या जिन्यात एका म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्या काकांनी सांगितलं होतं, मी विश्वासच ठेवला नव्हता, घरी येऊन ते गाणं कॅसेटवर चार वेळा ऐकलं आणि तेव्हापासून त्या गाण्यात मला आधी तबलाच ऐकू येतो. नाव कळलं की कान बदलतो, एवढंच माझं म्हणणं आहे खरं तर.

बाहेरच्या देशातही हेच. १९६७ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'वी लव्ह यू'वर मागून जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी गायले, दोघंही तेव्हा बीटल्समध्ये, म्हणजे समोरच्या पार्टीचे. १९७२ च्या कार्ली सायमनच्या 'यू आर सो व्हेन'मध्ये मागचा आवाज मिक जॅगरचा, नाव कुठे छापलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतो. १९८४ मध्ये रॉकवेल नावाच्या नव्या मुलाचं गाणं गाजलं, त्याची जी ओळ सगळ्यांच्या तोंडात बसली ती मागून मायकल जॅक्सनने गायलेली. या लोकांनी मित्रासाठी केलं, मजेत केलं, नाव नाही आलं तरी त्यांचं काही अडलं नाही. अडतं ते मेरी क्लेटनसारखीचं. १९६९ मध्ये स्टोन्सच्याच 'गिमी शेल्टर'साठी तिला रात्री उशिरा घरून बोलावून घेतलं, पोटुशी होती बाई, तशी जाऊन गायली आणि काय गायली! ते गाणं तिच्या आवाजाशिवाय उभंच राहत नाही, आणि रेकॉर्डवर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. १९६२ मध्ये डार्लीन लव्हने एक अख्खं गाणं पुढून गायलं, मागून नाही, मेन आवाज तिचा, आणि रेकॉर्ड बाजारात आली ती दुसऱ्याच मुलींच्या ग्रुपच्या नावावर. गाणं एक नंबरला गेलं. या बायकांवर २०१३ साली डॉक्युमेंटरी झाली आणि तिला ऑस्कर मिळालं. म्हणजे पन्नास वर्षं लागली.

आणि हे फक्त कोरसवाल्यांच्याच नशिबी असतं असंही नाही. १९४९ मध्ये 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' आलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. पुढे गायकांची नावं छापली जावीत म्हणून दीदींनी हट्ट धरला आणि तो पुरा केला. आज कोणी म्हणेल का, की गायिकेच्या नावाची काय गरज आहे, पात्राचं टाका? ऐकूनच विचित्र वाटतं. आमच्याबद्दलही एक दिवस असंच विचित्र वाटावं.

आपल्याकडे तर मागच्या आवाजाला वेगळे शब्द आहेत, शाहिराच्या मागे झील धरणारे ते झीलकरी, तमाशात 'जी जी रं जी'चा सूर ओढणारा तो सुरत्या. शाहीर एका दमात चार ओळी म्हणतो आणि त्याला श्वास घ्यायला जी जागा मिळते ती झीलकऱ्यांनी भरलेली असते, ते नसले तर पोवाडा तिसऱ्या मिनिटाला धापा टाकायला लागेल. कीर्तनात टाळकरी मागे असतात ते शोभेला नसतात. शास्त्रीय मैफलीत शिष्य तानपुरा घेऊन मागे बसतो आणि मध्ये मध्ये सूर देतो, किशोरीताई आमोणकरसुद्धा आपल्या आईच्या, मोगूबाईंच्या, मागे तानपुऱ्यावर बसल्या आहेत. आणि बघा, शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डवर तबला कोण, पेटी कोण, तानपुरा आणि स्वरसाथ कोण, हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. भीमसेनजींच्या मागे माधव गुडी गायचे हे आपल्याला नावानिशी माहीत आहे. मग भावगीत, कोळीगीत, सिनेमा आला की आमच्यावरच बोळा का फिरवता?

कोळीगीताचं तर मला फार वाटतं. 'मी डोलकर' घ्या, शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथजींची चाल. त्यातून कोरस काढून बघा, होडीत एकटाच माणूस बसलाय असं वाटेल. आणि आरत्या! गणपतीत गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक मंडळाच्या स्पीकरवर जे 'जय देव जय देव' वाजतं ना, तिथे लोक मेन गायकाबरोबर म्हणत नाहीत, ते कोरसबरोबर म्हणतात. दहा दिवस अख्खं शहर आमच्या शेजारी उभं राहून गात असतं.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण तुमच्या ऑफिसात बसणाऱ्या नव्या मुलांना खरंच माहीत नसतं, त्यांचा दोष नाही. एका माइकभोवती चौघी, एक कान हेडफोनमध्ये, एक कान उघडा म्हणजे शेजारणीचा सूर ऐकू यावा. आपला आवाज असा लावायचा की आपला म्हणून ओळखूच यायला नको. मुरकी नाही, हरकत नाही, कंप नाही, सरळ सूर. श्वास आळीपाळीने चोरायचा म्हणजे ओळ तुटत नाही. ओळीच्या शेवटी 'स' आला तर तो एकीनेच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा, नाहीतर आठ जणांचे आठ 'स' मागेपुढे पडून साप सोडल्यासारखं होतं. मग तेच सगळं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, वेगळ्या पट्टीत चौथ्यांदा, आणि ते एकावर एक रचलं की आठाचे बत्तीस होतात. तुम्हाला जो भरगच्च मोठा जमाव ऐकू येतो तो बहुतेक वेळा आठ माणसांचा घाम असतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं माझ्या मनात इतकी वर्षं राहिलं ती सांगते. नावं सांगणार नाही, कंपनीचंही नाही. काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाच्या गाण्याचं कोरस होतं, आम्ही चौघी. संगीतकाराची मैत्रीण म्हणून एक नामवंत गायिका सहज स्टुडिओत आली होती, तिला चाल आवडली आणि ती म्हणाली मी पण गाते तुमच्यात. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू. उभी राहिली माझ्या डावीकडे. पहिल्या टेकला तिचा एकटीचाच आवाज वर आला, साहजिकच, आयुष्यभर तेच केलंय तिने. दुसऱ्याला पण तेच. मग मी तिला म्हटलं, ताई, माझ्या सुरावर टेकून गा, स्वतःचा ऐकू आला की थोडं मागे सरका. पाचव्या टेकला बसलं बरोबर. बाहेर येऊन ती म्हणाली, हे तुमचं काम फार अवघड आहे गं, मला रियाज करायला लागेल याचा. मी ते वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय.

तिने एकच थर गायला, आम्ही चौघींनी सहा. गाणं आलं तेव्हा पोस्टरवर मोठ्या अक्षरात तिचं नाव, जणू तिनेच म्हटलंय. आमचं कुठेच नाही. तिला स्वतःला हे अजिबात आवडलं नाही, तिने त्या कंपनीत फोन करून सांगितलं की एकतर या चौघींची नावं माझ्याबरोबर टाका नाहीतर माझंही काढा. दोन दिवसांनी तिचं नाव काढलं. चार नावं टाइप करण्यापेक्षा एक खोडणं त्यांना सोपं वाटलं. मला तिचं नाव गेल्याचं जास्त वाईट वाटलं, खोटं नाही सांगत, कारण तिने पाच टेक घेऊन ते कमावलं होतं.

आता थोडं कायद्याचं, कारण इथे खरी मेख आहे आणि ती मला फार उशिरा कळली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यात कलम ३८ब आलं, त्याप्रमाणे कलाकाराला आपल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे. वाचून बरं वाटलं. पण त्याच दुरुस्तीत कलाकार म्हणजे कोण याच्या व्याख्येला एक शेपूट जोडलंय, की सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि इंडस्ट्रीच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव क्रेडिटमध्ये वगैरे कुठेच दिलं जात नाही, त्याला कलाकार धरायचं नाही, कोणी त्याचं काम बिघडवून वापरलं तर तक्रार करता येईल तेवढ्यापुरताच तो कलाकार. परत वाचा. तुमचं नाव टाकायची पद्धत नाही, म्हणून तुम्ही कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव मागायचा हक्क नाही आणि रॉयल्टीचाही नाही. गोल गोल फिरवलंय. आणि हा रिवाज ठरवतं कोण? तुम्हीच. आमचं काम किरकोळ आहे असं मी कधीच मानणार नाही, कोर्टात कोणी काय म्हणेल ते म्हणो, पण या शेपटातला रिवाजाचा अर्धा भाग तुमच्या हातात आहे. तुम्ही आजपासून नावं द्यायला लागलात की रिवाज बदलला, दिल्लीला जायची गरजच नाही. गायकांनी २०१३ मध्ये आपली 'इसरा' ही संस्था उभी केली आणि रॉयल्टीसाठी झगडले, चांगलंच झालं, पण त्या दारापर्यंत जायला आधी आपण गायलो हे कुठेतरी लिहिलेलं लागतं ना.

नावं आमच्याकडे नसतात, हे उत्तर मी दोन ठिकाणी ऐकलंय. असं कसं? रेकॉर्डिंग संपल्यावर कोऑर्डिनेटर व्हाउचरवर आमची सही घेतो, नाव घेतो, पॅन नंबर घेतो, बँकेचा तपशील घेतो. टीडीएस कापायला आमची नावं सापडतात. तीच यादी गाणं अपलोड करणाऱ्या मुलाच्या टेबलावर पोचवायची आहे, मधे फार तर एक जिना असेल.

अजून एक. हल्ली आम्हाला बोलावून नुसते स्वर गाऊन घेतात, आ, ऊ, ओ, हळू, जोरात, प्रत्येक पट्टीत, आणि म्हणतात आवाजांची बँक बनवतोय. त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि मग तो आवाज कुठल्या कुठल्या गाण्यात घुसतो ते आम्हाला कधी कळत नाही. आता तर मशीनला शिकवायलाही असेच आवाज लागतात म्हणे. ज्या आवाजाला नावच नाही तो घेताना परवानगी तरी कोणाची मागणार? तरुण पोरी विचारतात मला, मावशी, सही करू का कागदावर, आणि मला काय सांगावं ते कळत नाही, म्हणून निदान कागद नीट वाच एवढं सांगते.

तर मागणं एवढंच. इथून पुढे जे गाणं रिलीज कराल त्याच्या क्रेडिटमध्ये कोरसमधलं प्रत्येक नाव टाका, मराठीत, स्पेलिंग विचारून. सिनेमाच्या शेवटी पाटी येते त्यात स्पॉटदादाचं नाव असतं, असायलाच पाहिजे, तिथेच आमचं पण टाका. आणि जे नामवंत गायक-गायिका हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती, करार करताना एक ओळ वाढवा, की माझ्या गाण्यात मागे जे गायले त्यांची नावं आल्याशिवाय गाणं बाहेर जाणार नाही. तुमचं ऐकतील. त्या ताईने प्रयत्न केला होता, ती एकटी पडली, दहा जण बोलले असते तर खोडायला सोपं गेलं नसतं.

जुन्या गाण्यांचं काय, तर त्यासाठी मी मदत करू शकते. मला पहिल्या दिवसापासून सवय आहे, डोंबिवलीला परत येताना लोकलमध्ये जागा मिळाली की वही काढायची आणि लिहायचं, तारीख, स्टुडिओ, संगीतकार, अरेंजर, गाण्याची पहिली ओळ आणि शेजारी कोण कोण उभं होतं. जागा नाही मिळाली तर घरी येऊन. अशा सात वह्या आहेत. एक पावसात भिजली होती २००५ च्या २६ जुलैला, तिची काही पानं चिकटलीत पण बाकी वाचता येतं. त्यातले काही जण आता नाहीत, काही नालासोपाऱ्याला आहेत, काही गावी गेले, काहींशी माझं अजून बोलणं आहे, त्यांना विचारून खात्री करता येईल. तुमच्या कॅटलॉगमधली गाणी आणि माझ्या वह्या समोरासमोर ठेवल्या तर बऱ्याच गाण्यांची नावं एका महिन्यात लागतील, आणि मला त्याचे पैसे नकोत.

या पत्राखाली मी माझं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण मग ते माझ्या एकटीचं होईल. वह्या घेऊन येईन तेव्हा सगळ्यांची नावं एकदमच देईन. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी माझा गाण्याचा क्लास असतो, बाकी कधीही बोलवा. फक्त सकाळी अकराच्या आधीची वेळ देऊ नका, वह्यांची पिशवी घेऊन गर्दीच्या गाडीत चढता येत नाही.

आपली,
कोरसमधली एक, डोंबिवली